संशोधक डॉक्टरचे काम जोखताना: गूगल स्कॉलर, स्कोपस की पबमेड?

पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधायचा असो किंवा निवड समितीत बसायचे असो, एकाच संशोधकाचे नाव शोधनिबंधांच्या दोन-तीन ऑनलाइन सूचींत टाकून पाहिले की एच-इंडेक्स (किती शोधनिबंधांना किमान तितकीच सायटेशन, म्हणजे इतर लेखांतले उल्लेख, मिळाली याचा आकडा) प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो. बहुतेक वेळा गूगल स्कॉलरचा आकडा सर्वांत मोठा असतो. यात कोणी खोटे सांगत नसते, मोजायला घेतलेला शोधनिबंधांचा ढीगच वेगवेगळा असतो. म्हणून पहिला नियम: दोन उमेदवारांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

गूगल स्कॉलर फुकट आहे. जर्नलांबरोबर प्रबंध, पुस्तकांतली प्रकरणे, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले लेख) असे सगळेच तो मोजतो. इंग्रजीबाहेर लिहिणाऱ्यांचे किंवा नुकतीच सुरुवात केलेल्यांचे काम इथे जास्त दिसते. पण चाळणी जवळपास नाही आणि प्रोफाइल संशोधकाच्याच हातात. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा शोधनिबंध यादीत शिरला, तर तो काढायचा की नाही हे त्याच्या प्रामाणिकपणावर. २०२४ मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावे बनावट शोधनिबंध नेटवर टाकले आणि त्या मांजराला शंभरावर सायटेशन मिळाली. हसू येते खरे, पण पैसे घेऊन हेच करून देणारे आहेत, हे दाखवण्यासाठीच तो खटाटोप होता.

स्कोपस एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीचे, वेब ऑफ सायन्स क्लॅरिव्हेट या कंपनीचे. दोन्हीकडे जर्नले निवडून घेतली जातात, त्यामुळे आकडा लहान पण जास्त भरवशाचा. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशनही वेगळी काढता येतात. मात्र पूर्ण वापरासाठी संस्थेचे सदस्यत्व लागते. लेखकाचे प्राथमिक पान तेवढे स्कोपस फुकट दाखवते. डोकेदुखी नावांची. आडनाव आणि आद्याक्षर जुळले की दोन माणसे एका पानावर येतात, किंवा लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन पानांत विभागले जाते. सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख) असेल तर त्यावरून खात्री करून घ्या.

माझा कल मात्र वैद्यकीय शोधनिबंधांची सूची असलेल्या पबमेडकडे आहे. १९९६ पासून सुरू असलेल्या या फुकट सेवेत एच-इंडेक्स मिळतच नाही, आणि माझ्या मते हीच तिची जमेची बाजू. शोधनिबंधांची यादीच वाचावी लागते. वाचताना लेखकांचा क्रम पाहा. वैद्यकीय शोधनिबंधात प्रत्यक्ष काम बहुधा पहिल्या लेखकाचे आणि नेतृत्व शेवटच्याचे. जागतिक रोगभाराच्या अभ्यासांसारख्या शोधनिबंधांत शेकडो सहलेखक असतात आणि सायटेशन हजारोंनी येतात. मधल्या रांगेतल्या माणसाच्या खात्यावरही ती सगळी जमा होतात! एच-इंडेक्सला हा फरक कळत नाही. २००५ मध्ये तो मांडणारे जॉर्ज हर्श भौतिकशास्त्रज्ञ होते. दहा शोधनिबंधांना प्रत्येकी दहा सायटेशन असोत वा प्रत्येकी हजार, निर्देशांक दहाच. शिवाय तो कधी खाली येत नाही, त्यामुळे निवृत्तीकडे झुकलेल्याशी तरुणाची तुलना त्यावर करणे अन्यायाचे.

किती सायटेशन यापेक्षा कशासाठी, हे जास्त महत्त्वाचे. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा वेकफील्ड यांचा शोधनिबंध लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याची सायटेशन प्रचंड आहेत. त्यातली कित्येक तो चुकीचा ठरवणारी. आढावा लेख आणि उपचार-मार्गदर्शिकाही मूळ प्रयोगांपेक्षा सहज जास्त सायटेशन खेचतात. पबमेडमध्ये आढावा लेख आणि यादृच्छिक चाचण्या (ज्यांत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात) वेगळ्या गाळून पाहता येतात, आणि मागे घेतलेल्या लेखावर तशी सूचना ठळक दिसते.

आकडा हवाच असेल, तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे आयसाइट हे संकेतस्थळ पाहा. तेही फुकट. तिथला आरसीआर (सापेक्ष सायटेशन प्रमाण) त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षीच्या कामाशी तुलना करतो. १ म्हणजे एनआयएचच्या अनुदानावर झालेल्या शोधनिबंधांच्या मध्यावर. दुर्मीळ आजारावर काम करणारा हृदयरोगवाल्यापुढे उगाच खुजा दिसत नाही.

समितीला शंभर अर्ज चाळायचे असतील तर सुरुवात स्कोपसने करा आणि शेवटच्या पाच नावांसाठी पबमेड उघडा. मार्गदर्शक निवडणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र थेट पबमेडवर जावे आणि गेल्या पाच वर्षांत त्या गटातले विद्यार्थी किती वेळा पहिले लेखक झाले, ते मोजावे.