दुपारी बंद पडणारा फ्रीज

पहाटे पावणेपाचला आईने हाक मारली. बाबा घामाने भिजले होते, हात थरथरत होते, आणि माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते. ग्लुकोमीटरवर आकडा आला 46. गिळता येत होतं म्हणून साखर घोळलेलं पाणी घोट-घोट पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं तर 68. तासाभराने ते नीट बोलायला लागले. आदल्या रात्री त्यांना दिलेलं इन्सुलिन अगदी चांगलं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच चांगलं इन्सुलिन त्यांच्या अंगात गेलं होतं, आणि त्यानेच साखर इतकी खाली आणली. हे कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण दर महिन्याची औषधं लागणारे आईवडील गोव्यात घरोघरी आहेत.

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. मी शाळेत शिकवते. बाबा 74 वर्षांचे; मधुमेह जुना, रक्तदाबही आहे. रात्री ग्लार्जिन इन्सुलिन 18 युनिट, सकाळी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम, दोन वेळा मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रात्री कोलेस्टेरॉलची एक गोळी. बस स्टँडजवळच्या जुन्या फार्मसीतून वर्षानुवर्षं ही औषधं यायची. तिथे सूट फारशी नसे. गर्दी मात्र असायची, आणि माझी शाळा सुटेपर्यंत दुपारची बंद झालेली असायची.

गेल्या नोव्हेंबरात घराच्या वाटेवर एक नवी फार्मसी उघडली. मालक गोड बोलणारा. दोनदा गेले तेवढ्यात त्याला माझं काम कळलं. म्हणाला, "टीचर, तुमी कित्याक येतात? चिठ्ठीचो फोटो धाडात, हांव घरा धाडटां." (तुम्ही कशाला येता? चिठ्ठीचा फोटो पाठवा, मी घरी पाठवतो.) वर वीस टक्के सूट. पहिले तीन महिने सगळं व्यवस्थित आलं. गोळ्यांच्या पूर्ण पट्ट्या, खोक्यातलं इन्सुलिन, बर्फाच्या पिशवीत. फेब्रुवारीत तो म्हणाला की तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिलेत तर पंचवीस टक्के सूट देतो आणि औषध कधी चुकणार नाही. मी 9,600 रुपये भरले. छापील बिल मागितलं नाही, ही चूक मला पुढे फार महागात पडली. मे महिन्यात पुन्हा तेवढेच भरले.

मार्चपासून पट्ट्या अर्ध्या यायला लागल्या. पंधराची पट्टी कापून आठ आणि सात, दोन वेगळ्या पट्ट्यांतून. विचारलं तर उत्तर तयार: माल कमी येतो, दोन गिऱ्हाइकांत वाटून द्यावा लागतो. मला ते पटलं. टेल्मिसार्टनचं नाव बदललं तेव्हाही विचारलं होतं. "तेंच तें टीचर, कंपनी वेगळी." बिलाच्या जागी वहीच्या कागदावर एक ओळ यायची: मेडिसिन, 3,200.

एप्रिलमध्ये बाबांची उपाशीपोटीची साखर 190 झाली, मे अखेरीस 240. आम्ही दोष आंब्यांना दिला. आईने त्यांना मानकुराद खाऊ दिला नाही, एका फोडीवरून घरात भांडण झालं, बाबा दोन दिवस गप्प होते. आज ते आठवलं की गलबलून येतं. डॉक्टरांनी इन्सुलिन 18 चं 22 केलं, मग 26, जुलैत 30. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, "टोचता बरोबर ना? फ्रीजमध्ये ठेवता ना?" आम्ही हो म्हणत होतो आणि ते खरंच होतं. आमच्या घरातला फ्रीज चालूच होता.

जुलैच्या शेवटी एक दिवस शाळा लवकर सुटली. जोराचा पाऊस होता. औषध न्यायचंच होतं म्हणून त्या फार्मसीच्या पायरीवर आडोशाला उभी राहिले. आपल्याकडे एकला दुकानं बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. मालक आला, शटर वर केलं, आत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच वर ढकलला. दिवे लागले, पंखा फिरला, आणि कोपऱ्यातला फ्रीज गुरगुरत सुरू झाला. मी तिथेच थिजले. म्हणजे रोज दुपारी तीन तास, आणि रात्री नऊपासून सकाळपर्यंत, हा फ्रीज बंद? त्याला विचारलं. तो म्हणाला, शॉर्ट सर्किटची भीती असते, आणि बंद फ्रीज थंडच राहतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात, पत्र्याच्या छपराखाली!

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वापरायला काढलेलं ग्लार्जिनचं पेन 30 अंशांच्या आत साधारण 28 दिवस चालतं, पण ते घरात उघडल्यानंतर. दुकानातच रोज गरम होऊन पुन्हा गार होणाऱ्या इन्सुलिनची ताकद किती उरते हे डोळ्यांना कळत नाही. आमचं इन्सुलिन शेवटपर्यंत पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

मी तिथून थेट जुन्या फार्मसीत गेले. नवं इन्सुलिन घेतलं, छापील बिल घेतलं, घरी आणलं आणि त्याच रात्री डॉक्टरांनी ठरवून दिलेले 30 युनिट बाबांना दिले. डॉक्टरांना फोन करायचं मला सुचलं नाही. ते 30 युनिट कमजोर इन्सुलिनच्या हिशेबाने वाढत गेले होते. पहाटे काय झालं ते वर लिहिलंच आहे. तुमच्या घरी असं काही उघडकीस आलं तर दुकान बदलायच्या आधी, त्याच दिवशी, डॉक्टरांना सगळं सांगा आणि डोस विचारून घ्या. मी एवढं लिहायला बसले ते मुख्यतः या एका गोष्टीसाठी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. डोस 18 वर आणला, रोज दोनदा साखर तपासायला सांगितली. मग पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि एकच प्रश्न विचारला: "यांची टोकं कुठं आहेत?" बॅच नंबर, एक्सपायरी आणि किंमत बहुतेक पट्ट्यांवर एकाच टोकाला ठोकलेली असते. माल खरोखर दोघांत वाटला जात असता तर निम्म्या वेळा तरी ते टोक माझ्या वाट्याला आलं असतं. पाच महिन्यांचे माझ्याकडे एकवीस तुकडे होते. एकावरही टोक नव्हतं. एका पट्टीच्या मागे छपाई खरवडलेली दिसली. उजेडात तिरकी धरल्यावर "विक्रीसाठी नाही" या अर्थाच्या इंग्रजी अक्षरांचा अर्धा भाग वाचता आला. डॉक्टरांना फुकट वाटायला दिलेला नमुना तो. आणि "तेंच तें" म्हणून दिलेलं टेल्मिसार्टन 40 ऐवजी 20 मिलिग्रॅमचं निघालं. रक्तदाब का वर होता तेही कळलं.

नंतर मी कायदा वाचला. 1945 च्या औषध नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही. शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध चिठ्ठीवर असेल तर दुकानदार त्याच्या जागी स्वतःच्या मनाने दुसरं देऊ शकत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर पुन्हापुन्हा औषध देता येत नाही. आणि दिलं तर दुकानाचं नाव, पत्ता व तारीख त्या चिठ्ठीवर नोंदवायची असते. मी एकदा फोटो पाठवला आणि आठ महिने औषध आलं, तेव्हा मला ती सोय वाटली होती. आता आमचे डॉक्टर चिठ्ठीवर "तीन महिने, दर महिन्याला" असं स्पष्ट लिहितात.

मी त्या नव्या फार्मसीत परत गेले तेव्हा मालक म्हणाला, बाबांनी गोड खाल्लं असेल. आगाऊ भरलेल्यातले 2,500 परत दिले, बाकीचे अजून नाहीत. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, पट्ट्यांच्या फोटोंसह, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. पण माझ्याकडे वहीचे कागद आहेत, बिल नाही. हे औषध त्याच दुकानातलं, हे दाखवायला माझ्या हातात मोबाइलवरचे पैसे पाठवल्याचे पुरावे आणि त्याचे मेसेज एवढंच आहे. नशिबाने मेसेज पुसले नव्हते. तुम्हीही पुसू नका.

आता मी दुकान कसं बघते ते सांगते. परवाना भिंतीवर लावलेला हवा, तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचाच असतो. फार्मासिस्ट कोण, असं सरळ विचारते. संध्याकाळी गेल्यावर तोच माणूस असतो का ते बघते. फ्रीज उघडायला सांगते. आत थर्मामीटर असेल आणि थंड पेयांच्या बाटल्या नसतील तर बरं वाटतं. दुपारी बंद करताना फ्रीजची लाइन वेगळी आहे का, हेही विचारते. जुन्या फार्मसीतल्या काकांनी मला इन्व्हर्टर दाखवला, आणि मी एवढं विचारलं म्हणून त्यांना राग आला नाही. पट्टी कापायचीच असेल तर एक्सपायरीचं टोक माझ्याकडे येईल अशी कापून मागते, बिलावरचा बॅच नंबर काउंटरवरच जुळवते. 1 ऑगस्ट 2023 पासून सर्वाधिक खपाच्या 300 ब्रँडांच्या पाकिटांवर क्यूआर किंवा बारकोड छापणं सक्तीचं झालं आहे. बाबांच्या एका गोळीवर तो आहे, मोबाइलने वाचला की बॅच आणि मुदत समोर येते. सूट पाच टक्के मिळते.

बाबांची साखर सध्या 130 च्या आसपास असते. पुढच्या उन्हाळ्यात मानकुरादची एक फोड द्यायला डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही. ते एकवीस तुकडे मी बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत, आणि डब्याच्या झाकणावर तक्रारीचा नंबर लिहून चिकटवला आहे.