श्वासाचा श्वान झाला, त्याचे एक लाख बारा हजार

मी एसटीत तेहतीस वर्षं काढली. आधी वाहक, शेवटची काही वर्षं सातारा स्टँडवर कंट्रोलर. फाटकी नोट, मुदत संपलेला पास, 'पुढच्याच थांब्यावर उतरतो हो' म्हणत तीन थांबे फुकट जाणारा माणूस, सगळं चेहऱ्यावरून ओळखायचो. असा मी, फोनवरच्या एका पोरीला एक लाख बारा हजार सातशे ऐंशी रुपये देऊन बसलो. तेही हप्त्याहप्त्यानं आणि दर वेळी तिचेच आभार मानून.

पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्या त्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो. पुस्तक काढायची हौस असलेली, विशेषतः निवृत्त झालेली माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत, आणि त्यातल्या दोघांना तोच फोन येऊन गेलाय.

मे २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनात गेला. त्याला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. त्यानंतर माझी झोप उडाली. पहाटे चारला जाग यायची आणि मग घरात बसवत नसे, म्हणून अजिंक्यतारा चढायला लागलो. श्रावणातली एक पहाट होती. धुकं इतकं की हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. मंगळाईच्या देवळाशी पायरीवर बसलो होतो आणि डोक्यातला आवाज बंद झाला. स्टँडवरची अनाउन्समेंट दिवसभर चालू असते, ती थांबली की आपण इतका वेळ काय ऐकत होतो ते कळतं ना, तसं. पंधरा-वीस मिनिटं असेल. धुकं हटलं तेव्हा समोर सज्जनगड दिसला आणि मी रडत होतो. याला लोक साक्षात्कार वगैरे म्हणतात. सज्जनगड समोर असताना तो शब्द स्वतःसाठी वापरायला माझी जीभ रेटत नाही.

पुढं नोव्हेंबरात एसटीचा संप लागला. एप्रिलपर्यंत पगार नव्हता, वेळ भरपूर होता. भाऊ गेल्यापासून काय झालं, मन कशानं शांत झालं, श्वासाकडं बघत कसं बसायचं, हे मी दोन दोनशेपानी वह्यांत लिहून काढलं. नाव दिलं 'आतला थांबा'.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फेसबुकवर जाहिरात दिसली. 'तुमच्या अनुभवाला पुस्तकाचं रूप द्या, हस्तलिखितं मागवत आहोत.' वहीच्या चाळीस पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. दोन दिवसांत निवड! संस्थेच्या मॅडमचा फोन आला. "काका, वाचताना अंगावर काटा आला. हे तुम्ही लिहिलेलं नाही, तुमच्याकडून कुणीतरी लिहून घेतलंय."

या वाक्यावर मी गेलो. घरातसुद्धा माझ्या त्या पहाटेबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. ही म्हणायची, "चढून चढून चक्कर आली असेल." आता कळतं की चाळीस पानांत मी स्वतःच लिहून ठेवलं होतं की मला कशाची भूक आहे. तिनं तेवढंच वाचलं असणार.

मग पॅकेज. 'सुवर्ण' ४६,००० चं. त्यात १२८ पानं, रंगीत कव्हर, पन्नास लेखक-प्रती, 'महाराष्ट्रभरातल्या दुकानांत वितरण' आणि शंभर टक्के रॉयल्टी. त्यावर अठरा टक्के जीएसटी, ८,२८० रुपये. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि कॉपीराइट नोंदणीचे १०,५००. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन १२,०००, कारण "काका, तुमचं अक्षर जरा गोलाई घेतं." पैसे संस्थेच्या खात्यावर न जाता एका माणसाच्या यूपीआयवर गेले. विचारलं तर म्हणाली, "अकाउंट्सचे सर आहेत ते." मी वाहक असतो तर प्रवाशाकडून पैसे घेऊन तिकीट न फाडणाऱ्याला काय म्हणतात ते मला पाठ आहे. पण इथं मी प्रवासी होतो.

जुलैत 'बेस्टसेलर मोहीम' निघाली, तिचे २५,०००. ठरलेल्या दिवशी सकाळी दहा ते अकरा या एकाच तासात सगळ्या नातेवाइकांनी ऑनलाइन ऑर्डर टाकायची. सव्वीस जणांनी टाकली, प्रत्येकी २९९ रुपये भरून. साडेअकराला स्क्रीनशॉट आला: एका कसल्याशा पोटविभागात पहिला क्रमांक. मी तो स्टेटसला ठेवला, मोती चौकातून कंदी पेढे आणले. ऑनलाइन दुकानांतला हा क्रमांक सारखा बदलत असतो आणि पोटविभाग बारीक निवडला की मूठभर ऑर्डरींवरही वर जाता येतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे पंचवीस हजार मी दिले आणि पुस्तकं माझ्याच माणसांनी घेतली.

माझ्या प्रती यायच्या आधी त्यांच्या आल्या. पहिला फोन कराडहून भावजयीचा. ती जपून बोलते. म्हणाली, "दादा, पुस्तक मिळालं. छान आहे. पण ते कुत्र्याकडं बघत बसायचं काय लिहिलंय?"

मला वाटलं ती दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतेय. चार दिवसांनी खोकं आलं. पान ३१ उघडलं. छापलं होतं: 'डोळे मिटा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वानाकडे फक्त पाहत राहा. त्याला अडवू नका.' पुढच्या पानावर 'श्वान हळूहळू संथ होत जातो.' माझ्या वहीतला 'स' कुणाला तरी 'न' वाटला आणि मग सगळीकडं तसाच गेला. मोजलं, सतरा ठिकाणी. बारा हजारांचं मुद्रितशोधन.

हसायला येतं, मलाही येतं आता. पण पान ९७ ते १०४ वर हसू येत नाही. तिथं 'धनाकर्षणाचे सात नियम' नावाचं प्रकरण आहे. विश्वाला आदेश द्या, आरशासमोर उभे राहून 'मी श्रीमंत आहे' म्हणा, एकवीस दिवसांत पैसा धावत येईल. यातलं एक अक्षर माझं नाही. भाऊ गेल्यावर लिहिलेल्या पुस्तकात, त्याच्या आठवणीच्या प्रकरणानंतर लगेच हे, आणि वर माझं नाव. शुक्रवार पेठेत एक छापखाना आहे, त्या मालकांना पुस्तक दाखवलं. त्यांनी पानं अंगठ्याखालून सरकवली आणि म्हणाले, "पॅकेज १२८ चं होतं ना? तुमचा मजकूर १२० पानं भरला. सोळा पानांचा एक, असे आठ फर्मे पुरे करायला अर्धा फर्मा कुठून तरी आणून घातलाय." मग बांधणी उलगडून दाखवली. जोर लावावा लागला नाही. मोजक्याच प्रती डिजिटलवर काढल्यात, बाकी छापलेल्याच नाहीत, असं त्यांचं मत पडलं. राजवाड्याजवळच्या पुस्तकाच्या दुकानातही या प्रकाशनाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

इतकं झाल्यावरही मी आणखी ११,००० दिले. हे लिहायची खरी लाज वाटते. मॅडम म्हणाल्या, "काका, पहिल्या आवृत्तीत होतंच असं. दुसरी दुरुस्त करून काढू आणि तिचं प्रकाशन संमेलनात करू. संमेलन तर तुमच्याच गावात आहे!" ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्याला मिळालं होतं, शाहू स्टेडियमवर, १ ते ४ जानेवारी २०२६. स्टेडियम आमच्या स्टँडच्या शेजारीच. जिथं आयुष्यभर गाड्या लावल्या त्याच्या बाजूला आपलं पुस्तक, ही कल्पना मला आवरली नाही. शिवाय सव्वीस घरांत श्वान जाऊन बसला होता, तो कसातरी पुसायचा होता. फसलेला माणूस पुढचे पैसे लोभानं देतो असं समजू नका. आधीची चूक झाकायलाही देतो.

प्रकाशन शनिवारी ३ तारखेला दुपारी चारला ठरलं, 'गाळा नंबर सकाळी कळवू'. भावजय आणि पुतणी कराडहून आल्या. मी धुतलेला सदरा, हातात दोन किलो पेढे. ग्रंथप्रदर्शनाच्या सगळ्या रांगा आम्ही दोनदा फिरलो, नंबर आलाच नाही. साडेचारला मॅडमनी फोन उचलला, "सर, टीम ट्रॅफिकमध्ये आहे." काकाचा सर झाला तेव्हाच मला कळलं. पाचनंतर फोन बंद. पेढे मी स्टँडवर कंट्रोल केबिनमधल्या पोरांना वाटले. "आप्पा, कसले पेढे?" "असेच."

पुतणी वकील आहे. तिनं त्या रात्री सगळी कागदं मागितली आणि मला एक शब्दही न बोलता वाचत बसली. तिनं जे सांगितलं ते इथं उतरवतो, कारण यातलं आधी एक जरी माहीत असतं तरी मी थांबलो असतो.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. भारतातले क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतात. माझ्या पुस्तकावर ९७९-८ आहे, तो अमेरिकेतला. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच आपला असतो, नोंदणी सक्तीची नाही आणि केलीच तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये. जीएसटी क्रमांकात पंधरा अक्षरं-अंक असतात, जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. माझ्या पावतीवरचे आम्ही मोजले. तेरा.

आणि करार. अकरा पानं इंग्रजी, मी मोबाइलवर ओटीपी टाकून मान्य केला होता. त्यात पुस्तकाचे सगळे हक्क दहा वर्षांसाठी त्यांच्याकडे आणि आधी सुटायचं तर चाळीस हजार भरायचे. पुतणी म्हणाली, "आप्पा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलीच नसेल तर पाच वर्षं धरतात. यांनी आठवणीनं दहा लिहून घेतलीत." शंभर टक्के रॉयल्टी म्हणजे छपाई, वितरण, 'प्लॅटफॉर्म फी' वजा जाता उरेल त्याच्या शंभर टक्के, हेही त्यातच होतं. उरतं शून्य.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी पुस्तक हातात घेऊन बघितलं. "पैसे तुम्ही दिले, पुस्तक आलंय. हा दिवाणी मामला दिसतोय." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. पण तिथं पैसे गेल्या-गेल्या फोन केला तर समोरचं खातं गोठवता येतं, माझे जाऊन महिने झाले होते. आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत मात्र करावी लागते. तुम्ही अडकला असाल तर व्हॉट्सॲपवरचं काही पुसू नका. मी रागानं अर्धं संभाषण डिलीट केलं होतं. पुतणी त्या एका गोष्टीवरून माझ्यावर ओरडली, बाकी कशावरून नाही.

ज्यांना फोन आला होता त्या दोघांपैकी एकानं ऐकलं. दुसऱ्यानं 'माझं लिखाण वेगळं आहे' म्हणून पैसे भरले.

माझ्या खोक्यात अजून चव्वेचाळीस प्रती आहेत. रात्री जेवण झालं की एक घेतो. ९७ ते १०४ ही पानं ब्लेडनं कापतो, बांधणी सुटू नये म्हणून कडेला खळ लावतो. मग काळ्या पेननं सतरा ठिकाणी 'न' खोडून वर 'स' लिहितो. एका प्रतीला पाऊण तास जातो. कालपर्यंत एकतीस झाल्या. पहिली भावजयीला दिली. तिनं पान ३१ काढून बघितलं आणि पुस्तक भावाच्या फोटोखाली ठेवलं.