दिवे बरे, पेटी वाईट : एलईडी ड्रायव्हरसोबतचे दहा महिने

गेल्या चवथीच्या आधी, ऑगस्टमध्ये, घरातले आणि आंगणातले दिवे यंदा आपणच करायचे असे ठरवले, आणि गाठ पडली ती दिव्यांना वीज पुरवणाऱ्या पेटीशी, म्हणजे ड्रायव्हरशी. आमचे घर गोव्यात सांखळीजवळ, जुने, पुढे सोपा (ओसरी) आणि आंगणात तुळस. आता जून लागलाय, पहिला पाऊस पडून गेलाय, म्हणून लिहायला बसलो. पावसाळ्याच्या आधी केलेल्या इलेक्ट्रिक वस्तूच्या कौतुकावर गोव्यात तरी कुणी विश्वास ठेवू नये.

हे सगळे सुरू झाले माटोळीमुळे, म्हणजे गणपतीच्या वर फळांनी सजवून टांगतात त्या चौकटीमुळे. त्याच्या आदल्या वर्षी बाजारातली तयार माळ माटोळीला गुंडाळली होती. सुपारीचे घोस, तोरंजनं, कवंडळं, सगळे रानातून ओलेच आलेले. भाची अनवाणी उभी राहून एक नारळ सरळ करायला गेली आणि तिला शॉक बसला. माळेची डबी फोडली तर आत एक कपॅसिटर, चार डायोड, संपले. कपॅसिटर २३० व्होल्टमधून मोजकाच करंट सोडतो (०.३३ मायक्रोफॅरडचा असेल तर साधारण २४ मिलिअँपियर), त्यामुळे दिवे जळून जात नाहीत; पण माळेची तार थेट मेनलाच जोडलेली राहते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. बंद बल्बाच्या पोटात ही युक्ती चालते. माणसाचा हात पोचतो तिथे नाही. ती माळ त्याच दिवशी कापून टाकली.

मग तुळशीभोवतीचे दिवे घेतले. एक वॅटचे पांढरे एलईडी, प्रत्येकाला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. पहिला प्रयोग घरात पडलेल्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर: तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक), सोबत ८.२ ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर. हिशेब सोपा, तिघांचे ९.६ व्होल्ट गेले, उरलेले २.४ रेझिस्टरवर, म्हणजे करंट २९० मिलिअँपियर. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात अडॅप्टर १२.९ व्होल्ट देत होता. नऊदशांश व्होल्ट जास्त झाला तर काय बिघडले, असे वाटेल. पण तो जादा व्होल्ट सगळा रेझिस्टरवर येतो, आणि करंट जवळजवळ ४०० वर जातो! दोन आठवड्यांत तीन एलईडी निळसर पडून मंदावले. मी दुकानदाराला दोष देत होतो. आमचा वायरमन येऊन बघून म्हणाला, ‘‘बाब, दिवे बरे आसात, पेटीच वायट.’’ तेव्हा ऐकले नाही, नंतर पटले.

म्हापशाहून ‘कॉन्स्टंट करंट’ ड्रायव्हर आणला, २२० रुपयांना. पाठीवर लिहिलेले: ३०० मिलिअँपियर, २४ ते ४२ व्होल्ट. हे दोन आकडे वाचता आले की निवड संपली. ड्रायव्हर करंट धरून ठेवतो, व्होल्टेज माळ ठरवते. आपण फक्त माळेची बेरीज त्या पट्ट्यात बसवायची. दहा एलईडी सिरीजमध्ये म्हणजे ३२ व्होल्ट, मधोमध. सहाच लावले असते तर १९, ड्रायव्हर पट्ट्याबाहेर जाऊन लुकलुकला असता. आणि एकाच ड्रायव्हरवर दोन माळा पॅरलल (शेजारीशेजारी) जोडायच्या फंदात पडू नका: एकीचे सोल्डरचे टाके सुटले की तिच्या वाटणीचा करंट दुसरीच्या डोक्यावर बसतो.

मीटर लावून बसलो त्या संध्याकाळी एक गंमत पाहिली. सुरू करताच माळेवर ३१.८ व्होल्ट होते, अर्ध्या तासात ३०.९ झाले, करंट मात्र २९८ वरून हलला नाही. एलईडी तापला की त्याला लागणारे व्होल्टेज उतरते. अडॅप्टरवर हेच झाले की करंट वाढतो, त्याने एलईडी आणखी तापतो, आणि चक्र सुरू होते. माझे तीन असेच गेले असणार.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी. ड्रायव्हर चालू ठेवूनच माळेची सुटलेली तार जोडली. भार नसताना आउटपुट चढून बसते, माझ्याकडे ५८ व्होल्ट होते, आणि तो साठा कपॅसिटरमधून एकदम माळेवर सुटतो. टिक आवाज आला, सगळा अंधार. कुठला एलईडी गेला हे शोधायला ९ व्होल्टची बॅटरी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर घेऊन एकेकाला टोचत गेलो. जिवंत असलेला मंद उजळतो. दोन मेले होते. आधी माळ जोडा, मग स्विच.

देवघरातल्या मखराला बाबांना मंद-तेज होणारा उजेड हवा होता. तिथे पीटी ४११५ या आयसीचे (चिपचे) चिमुकले ड्रायव्हर मॉड्यूल, मागे २४ व्होल्टचा अडॅप्टर, पुढे सहा एलईडी. हा आयसी ६ ते ३० व्होल्ट घेतो आणि करंट ठरतो एका बारक्या रेझिस्टरवर: ०.१ भागिले ओहम. मागवले ३५० मिलिअँपियरचे, पण आलेल्या मॉड्यूलच्या पाटीवर, त्या रेझिस्टरवर, ‘आर १५०’ छापलेले, म्हणजे ०.१५ ओहम, म्हणजे ६६६ मिलिअँपियर. भिंगातून वाचले म्हणून वाचलो. रेझिस्टर बदलून ०.३ चा लावला, ३३३ झाले. तेव्हापासून हे मॉड्यूल रोज तिन्हीसांजेला जळते, तक्रार नाही. फक्त मंद केल्यावर बारीक किणकिण येते, ती आरतीच्या वेळी ऐकू येत नाही हे एक बरे.

सोप्याच्या कडेला १२ व्होल्टची पट्टी आहे, पाच मीटर. तिथे उलटे: साधा १२ व्होल्टचा एसएमपीएसच (व्होल्टेज धरून ठेवणारा अडॅप्टर) हवा, कारण पट्टीत दर तीन एलईडीमागे रेझिस्टर आधीच बसवलेला असतो. मीटरला १४.४ वॅट, म्हणजे पुरी पट्टी सहा अँपियर खाते. एका टोकाने वीज दिली तर दुसरे टोक पिवळट, मरगळलेले दिसते. दोन्ही टोकांना तारा नेल्यावर सुधारले.

आता पाऊस. ऑक्टोबरपर्यंत तुळशीचा ड्रायव्हर प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिकॉन लावून बंद केला होता. पाणी बाहेरून शिरले नाही, आतल्या दमटपणानेच साचले, आणि टर्मिनलवर हिरवट थर धरला. डब्याच्या तळाला एक भोक पाडले, तेव्हापासून कोरडा. मग त्या भोकातून मुंग्या आल्या. जाळीचा तुकडा लावला.

मे संपताना पहिल्या गडगडाटाने तो ड्रायव्हर नेलाच. माळ शाबूत, पेटी मेलेली. उघडून पाहिले: विजेचा झटका अंगावर घेणाऱ्या एमओव्हीची जागा पाटीवर छापलेली होती, दोन भोकेही होती, एमओव्ही मात्र नव्हता. कुणीतरी दोन-तीन रुपये वाचवले होते. नवा आणला तो थोडा महाग, ४ किलोव्होल्ट सर्ज असे लिहिलेला. लिहिलेल्यावर विसंबलो नाही, दुकानातच परवानगी घेऊन झाकण काढले. एमओव्हीची निळी चकती जागेवर होती. मग पैसे दिले.