‘केबिन गॅरंटी आहे ताई’ : व्हीलचेअरवरच्या वडिलांना क्रूझवर नेताना झालेली फसवणूक

मागच्या नोव्हेंबरात आम्ही अण्णांना, माझ्या वडिलांना, क्रूझवर नेलं. सिंगापूरहून पेनांग, तिथून फुकेत आणि परत सिंगापूर, अशी चार रात्रींची सफर. अण्णा सहा वर्षांपासून व्हीलचेअरवर आहेत. मणक्याच्या दुखण्यानंतर कमरेखाली ताकद राहिली नाही. बसता उत्तम येतं, उभं राहता येत नाही. हे सगळं ट्रॅव्हल एजंटला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तरीही त्याने आमच्याकडून ज्याचे पैसे घेतले ते जहाजावर आमच्या नावावर नव्हतंच. तुमच्या घरात कुणी व्हीलचेअरवर असेल आणि अशा सहलीचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

अण्णांनी ३१ वर्षं एसटी चालवली. साताऱ्याहून दापोलीकडची गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. हर्णैला गेले की बंदरावर बसून राहायचे. लांबवर मोठी जहाजं दिसली की म्हणायचे, “एकदा तिथनं किनारा कसा दिसतो ते बघायचंय.” पाय गेल्यावर त्यांनी ते बोलणं सोडलं, पण आमच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी आणि माझा भाऊ, दोघांनी दोन वर्षं पैसे साठवले.

एजंट आईच्या भिशीतल्या एका काकूंच्या ओळखीचा. ऑफिसात गेलो तेव्हा तो खुर्चीतून उठला, अण्णांच्या चेअरपाशी उकिडवा बसला आणि थेट त्यांच्याशी बोलायला लागला. हे मुद्दाम सांगते. अण्णांना घेऊन कुठेही गेलं की माणसं त्यांच्या डोक्यावरून आमच्याशी बोलतात, ‘यांना चहा चालतो का’ असं आम्हाला विचारतात. हा माणूस म्हणाला, “अण्णा, तुम्हाला समुद्र मी दाखवणार. व्हीलचेअरचं टेन्शन घेऊ नका, मी बघतो.” आम्ही तिथेच विरघळलो. सहा वर्षं प्रत्येक ठिकाणी पायरी, उंबरा, बंद लिफ्ट यांच्यापायी लोकांच्या विनवण्या करून आम्हाला अशी सवय लागलीय की कुणी ‘मी बघतो’ म्हटलं की ते उपकारच वाटतात. आणि उपकार करणाऱ्याकडे कागद कसा मागायचा?

चौघांचे मिळून ४,१२,००० रुपये ठरले. विमान, व्हिसा, जहाज, सिंगापूरमधला एक मुक्काम. त्यात ४२,००० ‘व्हीलचेअर केबिन’चे जादा आणि १८,००० फुकेतला लिफ्टवाल्या गाडीतून फिरण्याचे. केबिनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले : रुंद दार, बाथरूममध्ये धरायला दांडे, भिंतीला घडीचं आसन, जमीन सपाट. अण्णा तो फोटो रोज बघायचे. जादा पैसे रोख मागितले. “ही केबिन वरून सेटिंग करून घ्यावी लागते, तिची पावती निघत नाही,” असं कारण दिलं. बाकीची रक्कम त्याच्या बायकोच्या खात्यावर यूपीआयने. मी दोन-तीनदा बुकिंग नंबर मागितला. प्रत्येक वेळी उत्तर तेच, “कागद निघायच्या तीन दिवस आधी मिळतात. तुमची केबिन गॅरंटी आहे ताई.”

तीन दिवस आधी कागद आला. त्यावर केबिन नंबरच्या जागी ‘जीटीवाय’ अशी तीन अक्षरं होती आणि खाली ‘व्हीलचेअर अ‍ॅक्सेसिबल’ असं लिहिलेलं. मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, “तेच तर, गॅरंटी लिहिलंय बघा.”

खरं काय ते आता कळलंय. क्रूझच्या धंद्यात ‘गॅरंटी केबिन’ म्हणजे जहाजावर जागा नक्की, पण कुठली खोली ते कंपनी शेवटी उरेल त्याप्रमाणे ठरवणार. म्हणून ती स्वस्त असते. चेअर वापरणाऱ्याने तर ती घ्यायचीच नसते, कारण त्यात अ‍ॅक्सेसिबल खोली मिळेलच असं नसतं. एका शब्दावर त्याने आम्हाला फिरवलं. आणि खालची ओळ बाकीच्या मजकुरापेक्षा जरा जाड होती. ती त्याने स्वतः टाईप करून घातलेली होती.

सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरला काउंटरवरच्या मुलीने अण्णांकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा अण्णांकडे बघितलं. तिच्या नोंदीत व्हीलचेअरचा उल्लेखच नव्हता. दोन साध्या, आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या केबिन. अ‍ॅक्सेसिबल खोल्या जहाजावर मोजक्याच असतात, त्या कधीच भरल्या होत्या. एजंटला फोन लावला, तेव्हा भारतात सकाळचे साडेनऊ वाजले होते. एकदा उचलला. “जहाजवाल्यांची चूक आहे, आत जाऊन बोला.” त्यानंतर चार दिवस फोन बंद.

परत फिरायचं का, हा प्रश्न होता. अण्णा म्हणाले, “आलोय तर जाऊ.”

केबिनचं दार. माझ्याकडे टेप नव्हती, मी ओढणीने मोजलं आणि नंतर फूटपट्टी मागून आणली : २२ इंच. अण्णांची चेअर बाहेरून २५ इंच. म्हणजे माणूस बसलेला असताना ती आत जाणंच शक्य नाही. भाऊ आणि मी अण्णांना दोन्ही बाजूंनी उचलून आत न्यायचो, चेअर घडी करून मागून आत घ्यायची. ती बाहेर पॅसेजमध्ये ठेवता येत नाही, आग लागली तर वाट अडते म्हणून. आत आली की बाथरूमचं दार उघडायला जागा उरत नाही. आणि बाथरूमला उंबरा, वीतभर उंच, आतली मोरी माझे दोन्ही कोपर भिंतीला लागतील एवढी. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या शेजारची पाण्याची बाटली सकाळी होती तेवढीच भरलेली आहे. जेवतानाही ते पेला नुसता ओठाला लावत होते. मी रागावले तेव्हा म्हणाले, “दर वेळी तुम्ही दोघांनी उचलायचं. कमी प्यालं की कमी जावं लागतं.” ज्या माणसाला मूत्रसंसर्गाचा त्रास आधी दोनदा झालाय, तो माणूस पाणी टाळत होता. मला बाकी कशापेक्षा याची चीड आहे.

दुसरी गोष्ट जिवाची होती. जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना संकटकाळी कुठे जमायचं ते दाखवतात. आगीच्या वेळी लिफ्ट वापरत नाहीत. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांची यादी कर्मचाऱ्यांकडे आधीपासून असते, त्यांना खाली आणायची माणसं नेमलेली असतात. अण्णांचं नाव त्या यादीत नव्हतं. आम्ही ओरडून विचारलं म्हणून ते घातलं गेलं.

जहाजावरच्या माणसांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मदत कक्षात वेंगुर्ल्याचा एक मुलगा होता. आमचं बोलणं ऐकून तोच पुढे आला. मी एजंटने पाठवलेला फोटो दाखवला. “ताई, हा फोटो आमच्या जहाजाचा नाहीच,” तो म्हणाला. मग ४२,००० ऐकल्यावर त्याच्या तोंडून मालवणीच आली, “ह्या काय केल्यान ओ त्येणा?” त्याने आम्हाला सांगितलं की त्यांच्याकडे अ‍ॅक्सेसिबल केबिनला त्याच दर्जाच्या साध्या केबिनइतकेच पैसे पडतात, जादा काही नाही. फक्त बुकिंग करतानाच ती खोली मागून घ्यायची आणि कंपनीचा विशेष गरजांचा फॉर्म भरायचा : चेअर घडीची की बॅटरीची, रुंदी किती, वजन किती, माणूस स्वतः किती पावलं टाकू शकतो. हा फॉर्म आमच्यापर्यंत कधी आलाच नाही. त्या मुलाने कुठून तरी आंघोळीचं एक स्टूल आणि कमोडची खुर्ची मिळवून दिली. त्यावर आमचे पुढचे दिवस निघाले.

पेनांगला चांगलं झालं. तिथे जहाज थेट धक्क्याला लागतं, उतार असलेल्या पुलावरून चेअर सरळ खाली गेली. बंदर जॉर्जटाउनला लागूनच आहे, गाडीसुद्धा करावी लागली नाही. जुन्या दुकानांच्या पुढच्या पडव्यांना मात्र दर चार पावलांवर वेगळी उंची, त्यामुळे आम्ही रस्त्याच्या कडेनेच चेअर ढकलली. लिटल इंडियात क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं महामारिअम्मनचं देऊळ आहे. त्याच्या गोपुरापुढे अण्णांनी हात जोडले आणि जवळच्याच हॉटेलात दोन डोसे खाल्ले. वर तीन पेले पाणी प्यायले. त्यांच्या पाणी पिण्यावर मी तेव्हा किती लक्ष ठेवून होते ते यावरून कळेल.

फुकेतला जहाज धक्क्याला लागलं नाही. पातोंगच्या किनाऱ्यापासून दूर नांगर टाकला आणि लोकांना छोट्या बोटींतून नेऊ लागले. पाण्याच्या पातळीला एक फळी, तिला लागून वरखाली होणारी बोट. तिथल्या अधिकाऱ्याने नम्रपणे सांगितलं, ज्यांना स्वतः काही पावलं टाकता येतात त्यांनाच यातून नेता येतं, माणसाला उचलून बोटीत घ्यायची परवानगी नाही. त्याचं बरोबरच होतं, फळी फूटभर हलत होती. कुठल्या बंदरावर जहाज धक्क्याला लागणार आणि कुठे बोटीने जावं लागणार, हे सफरीच्या वेळापत्रकात आधीपासून लिहिलेलं असतं. म्हणजे अण्णांना जिथे उतरताच येणार नाही त्या ठिकाणची १८,००० ची गाडी त्याने आम्हाला विकली होती. भाऊ खात्री करायला एकटा किनाऱ्यावर जाऊन आला. आमच्या नावाची पाटी घेऊन कुणी उभं नव्हतं, दिलेला नंबर लागत नव्हता. अण्णा दिवसभर डेकवर कठड्यापाशी बसून किनारा बघत होते. त्यांना तिथनंच बघायचा होता, असं ते आईला म्हणाले. आईने तोंड फिरवलं.

परत आल्यावर क्रूझ कंपनीला मेल टाकला. चार दिवसांत लेखी उत्तर आलं की या बुकिंगवर व्हीलचेअरची कुठलीही मागणी एजंटकडून आलेली नाही. हा मेल आमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा ठरला. एजंट आधी हसला, मग म्हणाला रोख पैसे कुणी दिले, पावती दाखवा. पण आईने पैसे देताना त्याच दिवशी त्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, ‘व्हीलचेअर रूमचे ४२ हजार दिले’, आणि त्याने खाली अंगठा टाकला होता. आईची ही सवय भिशीची आहे. तेवढ्यावर वकिलाची नोटीस गेली आणि ४२,००० परत आले. बाकीच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात दावा टाकला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील हवाच असंही नाही. तारखा चालू आहेत.

बुकिंग नंबर पहिला हप्ता भरल्या दिवशी हातात घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते. नंबर आणि आडनाव टाकलं की कंपनीच्या साईटवर आपली केबिन दिसते, आणि जहाजाच्या नकाशात अ‍ॅक्सेसिबल खोल्यांवर चेअरचं चिन्ह असतं. कंपनीला स्वतः फोन करा, एजंट कितीही घरचा असला तरी. ‘पावती निघत नाही’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या एक वहिनी मुलाला घेऊन आल्या. तो १४ वर्षांचा, स्नायूंच्या आजारामुळे चेअरवर. त्याच एजंटकडे ५०,००० भरून बसल्या होत्या. त्यांच्याकडेही तोच फोटो. आमच्या हॉलमध्ये बसून कंपनीला फोन लावला. बुकिंग होतं, पण साध्या केबिनचं, चेअरची नोंद शून्य. सुदैवाने निघायला पाच महिने होते आणि एक अ‍ॅक्सेसिबल खोली शिल्लक होती. कंपनीने ती तिथल्या तिथे धरून ठेवली, जादा काही मागितलं नाही, आणि फॉर्म मेलवर पाठवला. रुंदीच्या रकान्याशी वहिनी थांबल्या, त्यांनी बसायची जागा मोजली होती. अण्णांनी टेप मागून घेतली. “तसं नाही. हाताने फिरवायची बाहेरची कडी असते ना, त्या कडीपासून पलीकडच्या कडीपर्यंत धर,” असं पोराला सांगून त्यांनी दुसरं टोक धरलं. ६३ सेंटिमीटर. वहिनींनी तसं लिहिलं.