राजारामपुरीतील एसक्यूएल वर्ग : एक अभिप्राय

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गुळाच्या अडत दुकानाचा हिशेब मी सांभाळतो. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत शेतकरी, आवक आणि सौदे हे तीन टेबल (तक्ते) जॉइन करून, म्हणजे एकमेकांना जोडून, रोज शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) काढाव्या लागतात, आणि सौदे आटोपल्यावर क्वेरीने, म्हणजे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञेने, १०६४ क्रमांकाची (वाक्यरचना चुकल्याची) एरर दिली की पट्टीसाठी थांबलेल्या शेतकऱ्यासमोर मान वर करवत नाही. म्हणून राजारामपुरीतील एका लहान संगणक वर्गाच्या दोन रविवारच्या शिकवणीला मी गेलो.

मायएसक्यूएलच्या संदेशात 'निअर' या शब्दापुढे जो मजकूर येतो तिथेच चूक असते असे नाही, तिथे वाचन अडलेले असते. चूक बहुधा त्याच्या लगेच आधी असते, हे सरांनी पहिल्याच तासाला मनावर ठसवले. लेफ्ट जॉइनला (पहिल्या टेबलाच्या सर्व ओळी राखणाऱ्या जोडणीला) ऑनची, म्हणजे कशावरून जोडायचे त्याची, अट द्यायची राहिली तर संदेश पुढच्या व्हेअरकडे (ओळी निवडण्याच्या अटीकडे) बोट दाखवतो, आणि मी इतके दिवस ते निर्दोष व्हेअरच दुरुस्त करत बसलो होतो. 'निअर'पुढच्या अवतरणचिन्हांत काहीच नसेल, तर क्वेरी अर्धवट संपली आहे, एखादा कंस मिटायचा राहिला आहे, असे समजावे. साध्या जॉइनला ऑन नसला तर मात्र एररच येत नाही. ६० शेतकरी आणि आवकेच्या ९० नोंदी यांच्या ५,४०० ओळी निमूटपणे समोर येतात, आणि हा प्रकार मला एररपेक्षाही घातक वाटतो.

माझी खरी अडचण दुसऱ्या रविवारी सुटली. आमच्याकडे गुळाच्या प्रतीसाठी 'रँक' नावाचा कॉलम आहे. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीत तो विनातक्रार चालत होता, ८.० मध्ये हा शब्द राखीव (प्रणालीने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेला) झाल्याने जुन्या क्वेऱ्या अडू लागल्या. त्यातही टेबलाचे नाव आणि टिंब आधी असेल तर तोच शब्द चालतो, त्यामुळे काही क्वेऱ्या चालत आणि काही अडत, आणि मला त्याचा उलगडाच होत नव्हता. फुल जॉइनचीही (दोन्ही टेबलांच्या सर्व ओळी राखणाऱ्या जोडणीचीही) अशीच गंमत आहे. मायएसक्यूएलमध्ये तो नाहीच. 'फुल' हे आधीच्या टेबलाचे टोपणनाव समजले जाते आणि १०५४, म्हणजे कॉलम सापडत नसल्याची एरर येते. त्याऐवजी लेफ्ट आणि राइट जॉइन युनियनने एकत्र करण्याचा सराव सरांनी प्रत्येकाकडून करून घेतला.

उणीव एकच, पण ती मोठी आहे : दहा संगणकांवर अठरा जण बसवले होते, त्यामुळे हाताने क्वेरी लिहिण्याचा निम्मा वेळ वाट पाहण्यात गेला. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीलाही शेवटचा अर्धा तासच मिळाला. सिलेक्टची (माहिती काढून आणणाऱ्या आज्ञेची) तोंडओळख असलेल्यांनी येथे जरूर जावे, मात्र आपली अडलेली क्वेरी सोबत न्यावी, कारण सर ती फळ्यावर घेऊन सर्वांसमोर सोडवतात.