ग्रॅडियस ओरिजिन्स: सात महिने, अठरा आवृत्त्या आणि एक बिघडलेले बटण

हा अनुभव दिवाळीनंतर लगेच लिहिणार होतो, पण तेव्हा लिहिला असता तर तो अन्यायाचा झाला असता. त्या काळात 'ग्रॅडियस ओरिजिन्स' या व्हिडिओ गेमच्या संग्रहावर माझा जो राग होता, त्याचे मूळ संग्रहात नसून माझ्या कंट्रोलरच्या एका बटणात होते, हे मला फार उशिरा समजले.

संग्रहात काय आहे हे येथे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. कोनामीने ऑगस्ट २०२५मध्ये आणलेल्या या संचात अवकाशयान चालवत शत्रूंवर गोळ्या झाडण्याच्या सात खेळांच्या अठरा आवृत्त्या आहेत आणि त्यांतला 'सॅलमँडर ३' एम२ या जपानी स्टुडिओने नव्याने घडवला आहे. मी एरवी सवलत लागल्याशिवाय गेम घेत नाही. हा मात्र पूर्ण किमतीला घेतला, त्यामुळे प्रत्येक उणीव मला दुप्पट बोचली, हे आधीच कबूल करतो.

१९८५च्या पहिल्या 'ग्रॅडियस'चा जीव पडद्याच्या तळाशी असलेल्या सहा खणांच्या पट्टीत आहे. शत्रूंची रांग पूर्ण टिपली की कॅप्सूल मिळते, प्रत्येक कॅप्सूलला उजेड एक खण पुढे सरकतो, आणि वेग, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन (यानामागून येत सोबत गोळ्या झाडणारा गोळा) व ढाल यांपैकी हवे ते आले की आपण बटण दाबायचे. ते दाबणे हाच खरा निर्णय असतो, गोळ्या झाडणे त्यामानाने सोपे आहे. माझे नेमके तेच बटण अधूनमधून दाद देईनासे झाले. तिसऱ्या टप्प्यातल्या मोआई पुतळ्यांच्या तोंडातून वलये सुटत असताना मी पाचव्या खणावर ऑप्शनसाठी बटण दाबले, काहीच झाले नाही, तेवढ्यात आणखी दोन कॅप्सूल अंगावर आल्या, उजेड ढालीवरून फिरून पुन्हा पहिल्या खणावर आला आणि नेमके तेव्हा बटण लागले. सात कॅप्सूलच्या मोबदल्यात पदरी पडला नको असलेला वेग. त्या वेगाने यान थेट पुतळ्यावर आदळले, सगळी शस्त्रे गेली आणि टप्प्याच्या मधूनच निःशस्त्र सुरुवात करावी लागली.

याचे खापर मी सुरुवातीला एम२वर फोडले. बटण लागायला उशीर होतो असे मी दोन ठिकाणी लिहूनही आलो, त्याबद्दल दिलगीर आहे. शंका आल्यावर कंट्रोलर सर्व्हिस सेंटरला नेला, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी ते बटण चार वेळा दाबून पाहिले आणि "चालतंय की" म्हणून परत दिला. वॉरंटी संपायला अकरा दिवस शिल्लक होते, आणि तेही त्यांच्या दुसऱ्या तारखेची वाट पाहण्यात गेले. बटणाचे काम खांद्याच्या बटणावर सोपवून पाहिले, पण जुनी सवय लागलेला अंगठा ऐकेना.

मधल्या काळात मी रिवाइंड, म्हणजे खेळ काही क्षण मागे नेण्याची सोय, वापरू लागलो. तोवर ती मला लबाडी वाटत असे. पण 'ग्रॅडियस'च्या १९८६च्या फॅमिकॉम (निन्टेन्डोचा घरगुती कन्सोल) आवृत्तीवर काम करताना कोनामीचे काझुहिसा हाशिमोटो यांना स्वतःलाच तो खेळ पार करणे जड गेले आणि चाचणीसाठी त्यांनी वर-वर-खाली-खाली असा सुरू होणारा, शस्त्रे एकदम मिळवून देणारा तो प्रसिद्ध बटणांचा संकेत घातला, हे आठवल्यावर माझा संकोच गेला. तरीही महिनाभरात मी रिवाइंड बंद केले, कारण चुकलेले बटण मागे जाऊन दुरुस्त करता येत असेल तर त्या पट्टीपुढे छातीत धडधडायचे कारणच उरत नाही.

याच पट्टीवरून आता मी या मालिकेतले सगळे खेळ तोलतो, हा माझा हेकेखोरपणा समजावा. १९८६च्या 'सॅलमँडर'ने ती काढून टाकली. तिथे शस्त्र उचलताच हाती येते आणि मेल्यावर त्याच जागी पुन्हा उभे राहता येते, त्यामुळे तो खेळ मला कायम उतावळा वाटतो. पुढच्याच वर्षी जपानमधल्या 'लाइफ फोर्स'मध्ये पट्टी परत आली. 'ग्रॅडियस २'ने शस्त्रांचे चार संच निवडायला दिले, तर १९८९च्या 'ग्रॅडियस ३'ने संच स्वतः जुळवण्याची मुभा दिली आणि शेवटून दुसऱ्या टप्प्यात चौकोनी ठोकळ्यांचा असा मारा केला की त्या मुभेचा उपयोग मला अजून कळलेला नाही. 'सॅलमँडर ३' देखणा आहे, पण मी त्याच्याकडे फारसा वळत नाही. एवढ्या किमतीत १९९९चा 'ग्रॅडियस ४' नाही आणि ट्रेझरने बनवलेला २००४चा 'ग्रॅडियस ५'ही नाही, याबद्दलची तक्रार मात्र अजून कायम आहे.

कंट्रोलर अखेर मीच उघडला. बटणाखालच्या रबरी पॅडवर तेलकट पिवळा थर होता आणि त्यात चिवड्यातल्या पोह्याचा एक तुकडा चिकटलेला होता. मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटात कापूस बुडवून पुसले, खर्च चाळीस रुपये. त्याच रात्री मोआईंच्या टप्प्यात पाचव्या खणावर बटण पहिल्या दाबात लागले आणि चौथा ऑप्शन यानामागे येऊन रांगेत लागला.