खिशातला नवा करार, पोरांसोबत एक वर्ष वापरून झाल्यावर सांगतेय

मिरजेत आमच्या चर्चच्या तरुण संघात आठवी ते बारावीची चौदा पोरं आहेत, त्यांचा रविवारचा वर्ग मी घेते. दरवर्षी 31 डिसेंबरच्या रात्री उपासना होते, बाराला घंटा वाजते, सगळे एकमेकांना हॅपी न्यू इयर करतात आणि प्रत्येकजण वर्षाच्या वचनाची, म्हणजे बायबलमधल्या एका ओळीची, चिठ्ठी उचलतो. ती चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमागं जाते आणि दहा जानेवारीला कुणाला विचारलं की तुझं वचन काय आलेलं तर आठवत नाही. मला याचं फार वाईट वाटायचं, कारण त्या रात्री पोरांच्या डोळ्यात खरंच काहीतरी असतं, ते पुढं टिकवायचं कसं हे आपण मोठ्यांनीच त्यांना दिलेलं नसतं.

म्हणून मागच्या डिसेंबरात सगळ्यांसाठी तो छोटा नवा करार (बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग) घेतला, शर्टाच्या खिशात मावतो तो, मागे जुन्या करारातली स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे ही पुस्तकं जोडलेली असतात. प्रत्येकाच्या प्रतीवर नाव आणि तारीख घातली, आणि पाळकसाहेबांनी घंटेनंतर हातात दिला.

आधी आम्ही काय चूक करायचो ते सांगते. अख्खं बायबल वर्षात वाचायचा तक्ता वाटायचो. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती 50 आणि निर्गम 40 अध्यायांचं, तेवढं जोरात वाचून पोरं जानेवारी संपता संपता लेवीय या तिसऱ्या पुस्तकात पोचायची, तिथं होमार्पणाचे नियम सुरू झाले की वाचन बंद. आणि बंद पडलं की मनात बसतं की आपल्याला देवाचं काही जमत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या मनात हे बसणं मला लेवीय न वाचण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच असे 52 आठवडे केले की बरोबर 260 होतात! सोमवार ते शुक्रवार एक एक, शनिवारी राहिलेलं, रविवारी चर्चमध्ये बोलायचं. सुरुवात मत्तयापासून नाही केली कारण पहिल्याच अध्यायात वंशावळ आहे, पोरं तिथंच अडकतात. मार्कापासून केली, 16 अध्याय, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, आणि येशू सारखा कुठंतरी निघालेला असतो, बरं करतोय, बोटीत झोपलाय, त्यामुळं पोरांना वेग लागतो.

दहावी-बारावीवाल्यांना मात्र हे पण जड गेलं असतं, परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, जानेवारीत प्रॅक्टिकल. त्यांना सांगितलं फक्त एक स्तोत्र, तेही छोटं. 23 वं सहा वचनांचं, 121 वं आठ, 117 वं तर दोनच. क्लासच्या बसमध्ये वाचून होतं. उरलेलं त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत भरून काढलं, सगळ्यांनी नाही, पण तिघांनी काढलं.

मोबाईलवर फुकट मिळतंय की मग पुस्तक कशाला, असं दोन पालकांनी विचारलं. मोबाईलवर वाचणं वाईट नाही, मी पण वाचते. पण पोरगं वाचायला फोन उघडतं आणि वर मेसेज येतो, मग वचन राहतं तिथंच. पुस्तकात दुसरं काही येत नाही. शिवाय पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं राहतं. आमची नववीतली एक मुलगी, बाबांची नोकरी गेली त्या आठवड्यात तिनं मत्तय 6 च्या कडेला, उद्याची चिंता करू नका असं येशू सांगतो तिथं, नुसती तारीख लिहून ठेवलेली, मला दाखवली तेव्हा काय बोलावं सुचेना, तिला जवळ घेतलं फक्त.

आणि रेव्हरंड टिळकांची (ना. वा. टिळक, हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले मराठी कवी) गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगितली, कारण ही पोरं त्यांची भजनं दर रविवारी म्हणतात पण माणूस माहीत नसतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि त्यांना तो खाली ठेवता येईना. 1895 ला बाप्तिस्मा. शेवटची वर्षं तर इथं जवळच, साताऱ्यात होते. म्हणजे हातातलं एवढंसं पुस्तक लहान समजू नका, असं म्हणलं पोरांना.

आता उणिवा. अक्षर बारीक आहे, चष्मेवाल्या दोघांना त्रास झाला, त्यांना मोठ्या टाइपाची प्रत आणून दिली. कागद पातळ, हायलायटर मारला की मागच्या पानावर उतरतो, पेन्सिलच वापरा. आणि भाषा. सेमी इंग्रजीतल्या पोरांना नीतिमत्त्व, प्रायश्चित्त हे शब्द अडतात, रोमकरांस पत्रात तर फारच, तिथं मी सोप्या भाषांतराची प्रत वर्गात ठेवली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. जुनी भाषा टाकून द्या असं मी म्हणणार नाही, प्रार्थनेत आजीच्या तोंडी तीच आहे आणि पोरांना ती कळायला पाहिजे.

चौदापैकी सहा जणांनी सगळं संपवलंय किंवा नाताळपर्यंत संपेल. पाच जण मागं आहेत पण सोडलं नाही. तिघांचं एप्रिलनंतर थांबलं, त्यांच्याशी रागावून बोलायचं नाही हे आम्ही शिक्षकांनी आधीच ठरवलेलं, बायबलच्या विलापगीतात आहेच ना की देवाची दया रोज सकाळी नवी होते, मग जानेवारीचीच वाट कशाला बघायची. त्यातल्या एकानं गेल्या रविवारी स्वतःहून विचारलं, ताई मी मार्क नवव्यात होतो, तिथूनच सुरू करू का. म्हणलं तिथूनच कर.

यंदा आठ नवीन पोरं वर्गात येतायत, त्यांच्यासाठी घ्यायचाय. तुम्ही पण घेणार असाल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा, नाताळाच्या गर्दीत संपतो, आणि दुकानात मागताना स्तोत्रसंहिता-नीतिसूत्रे जोडलेलाच द्या असं स्पष्ट म्हणा, नुसता नवा करार पण त्याच आकारात मिळतो.